चेहरा तेवढा माझा

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणीतरी आपल्या कामाबद्दल लिहितं. कधी बँकेतले साहेब, कधी विमानतळावरचे इंजिनियर. यंदा वैदेही मला म्हणाली, "मावशी, तुम्ही लिहा." मी म्हटलं, "अगं, मी चौथी शिकलेली. आणि माझं काम ते काय, बाळांना तेल लावायचं." ती म्हणाली, "मग तेच लिहा."

म्हणून दुपारचं आवरलं की मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते. अंकाला देईन की नाही, ठाऊक नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी मागे सरते. माझा मुलगा रोहन त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणतो, "आई, यू थिंक टू मच लाह." असेल. पण लिहिताना बरं वाटतंय. कागद मध्येच अडवत नाही आणि घाईही करत नाही.

माझं माहेर हर्णैच्या बाजूला, समुद्राकाठी. सासरे जहाजावरच्या कामाने सिंगापूरला आले आणि इथलेच झाले. आमचे हे इथेच जन्मले, बस चालवून निवृत्त झाले. मी लग्न होऊन आले ती पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये, आणि अजून तिथेच आहे. बाळंतिणीची आणि बाळाची मालिश मी आईकडून शिकले. आई बंदरावर मासे चिरायची आणि गावात सगळ्यांच्या घरी मालिशीला जायची. इथे आधी शेजारच्या सुनेचं बाळंतपण केलं, तिने मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने ऑफिसात सांगितलं. पुण्यामुंबईच्या मुली इथे नोकरीला, आया तिकडे, कुणाला येता येतं, कुणाला नाही. तेव्हा त्या मला बोलावतात.

काम सांगायला सोपं आहे. जमिनीवर पाय पसरून बसायचं, पायांवर बाळ पालथं घ्यायचं. तेल कोमट हवं, हात त्याहून कोमट. आमच्याकडे खोबरेल, घाटावरच्या लोकांना तिळाचं नाहीतर बदामाचं लागतं. मी देतील ते घेते. पाठ, खांदे, तळवे. पोटावर हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. पूर्वी नाक ओढायचे, कानात तेल घालायचे, ते मी डॉक्टरांनी सांगितल्यापासून सोडलं. मग अंघोळ, मग धुरी. आणि या सगळ्या वेळात बोलत राहायचं. बाळाला हात कुणाचा हे आवाजावरून कळतं. हात थांबला तर चालतं, आवाज थांबला की ते रडतं. माणसांपुढे गप्प असणारी मी, बाळांपुढे अखंड बोलते. बाजारात पापलेट किती महाग झालं तेसुद्धा सांगते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. चांगी बिझनेस पार्कात काम करणारे एक साहेब होते. त्यांनी समोर फोन उभा करून रोजची मालिश टिपून घेतली, कॉम्प्युटरवर घालून मला दाखवलं, "मावशी, मंगळवारी डाव्या पायाला कमी वेळ मिळाला." मी म्हटलं, "मंगळवारी तो पाय मारत होता, साहेब." दुसऱ्या एका घरी नव्या कोऱ्या कॉन्डोमध्ये मी ओव्याची धुरी केली, तर छताला लावलेली धुराची घंटा ठणाणा वाजायला लागली. खालून सिक्युरिटीवाला मलय काका धापा टाकत आला. धुपाटणं बघितलं, बाळ बघितलं, म्हणाला, "आंटी, बेबीला का बार्बेक्यू करता?" तेव्हापासून कॉन्डोमध्ये मी धुरी करत नाही, ओवा फडक्यात बांधून तव्यावर गरम करून शेकते.

एक रुखरुखही आहे. तीन-चार महिने बाळाचं हाड न् हाड आपल्या हाताला माहीत असतं. मग काम संपतं. पुढे कधी एमआरटीच्या गाडीत तेच मूल शाळेच्या गणवेशात समोर उभं असतं, आणि आपण अनोळखी आंटी. त्याची चूक नाही. पण खांदे बघून मी ओळखते.

आता वैदेहीच्या घरचं सांगते, कारण लिहायचं आहे ते तेच.

वैदेही पुण्याची, बँकेत काम करते. तिचा नवरा ब्रायन, जन्माने इथलाच, पण त्याचे आजी-आजोबा आयर्लंडचे. मरीन परेडला त्यांचा फ्लॅट. वैदेहीला मुलगी झाली तेव्हा तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, येता आलं नाही. म्हणून रोज सकाळी मी. घरात अजून एक माणूस होतं: ब्रायनची आजी. नव्वदी कधीच ओलांडलेली. त्यांचं नाव नोरा, घरात सगळे नॅन म्हणायचे, मी नोराबाई म्हणायची.

पहिल्याच दिवशी दिवाणखान्यात भिंतीवर मोठा फोटो दिसला. काळापांढरा, डोक्यावरून शाल घेतलेली मुलगी, मागे समुद्र. इतका देखणा चेहरा मी खरोखर कधी पाहिला नव्हता. वैदेही म्हणाली, "मावशी, त्या नॅन. फिल्म ॲक्ट्रेस होत्या, फार जुन्या काळी. लंडनच्या कंपनीत." मी वळून बघितलं तर खुर्चीत बारीकशा बाई बसलेल्या, केस दुधासारखे, आणि कपाळ, गालाची हाडं अगदी तीच. मी नमस्कार केला. त्यांनीही हात जोडले.

नोराबाई कुजबुजत बोलायच्या. घरातल्यांना वाटायचं, वयाने घसा गेला. पण ब्रायन म्हणाला, मला आठवतं तेव्हापासून नॅन अशीच बोलते. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण आजीचा आवाज त्याच्याकडे होता. फिल्ममध्ये. एका फिल्ममध्ये त्या मेंढपाळाची मुलगी झाल्या होत्या आणि धाकट्या भावाला झोपवताना एक गाणं म्हणतात, असा प्रसंग होता. ब्रायनच्या वडिलांकडे त्याची टेप होती, ब्रायन लहानपणी ती ऐकतच झोपायचा. आता तो संध्याकाळी ऑफिसातून आला की फोनवर तोच प्रसंग लावून मुलीच्या पाळण्याशी धरायचा. "ऐक, ही तुझी पणजी." सकाळी उशिरा निघायचं असलं तर सकाळीही लावायचा. गोड, पातळ, काचेच्या बांगड्यांसारखा आवाज. मी तेल गरम करत असायची. एकदा मान वर केली तेव्हा नोराबाई फोनकडे बघत नव्हत्या. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून भिंतीकडे बघत होत्या.

आमच्या गावाकडे एक रीत आहे, सगळीकडे असते असं नाही. बाळाच्या अंघोळीचा शेवटचा तांब्या घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने घालायचा आणि घालताना मोठ्याने काहीतरी चांगलं बोलायचं. मोठी हो, शहाणी हो, काय सुचेल ते. आई म्हणायची, पाणी अंगावरून निघून जातं, शब्द राहतात. मी पहिल्या दिवशी नोराबाईंच्या हाती तांब्या दिला आणि माझ्या बाजारी इंग्रजीत हे समजावलं. त्यांनी पाणी अगदी सावकाश, मायेने घातलं. ओठ मिटलेलेच. मी म्हटलं, असेल लाज. मलाही असते. मग रोज तसंच. तांब्या त्यांचा, शब्द माझे.

त्याच दिवसांत एक बातमी आली. आयर्लंडमधली जुन्या फिल्म जपणारी कुठलीशी संस्था होती, त्यांनी ती मेंढपाळाच्या मुलीची फिल्म धुऊनपुसून नवी केली होती. ती सिंगापूरला एका लहान हॉलमध्ये दाखवणार होते, आणि नोराबाईंनी स्टेजवर येऊन दोन शब्द बोलावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. ब्रायन हरखून गेला. त्याने विचारलंसुद्धा नाही, हो म्हणून टाकलं. "नॅन, फक्त दोन मिनिटं. लोकांना तुझा आवाज ऐकायचाय." नोराबाईंनी मान खाली घातली. ब्रायनला वाटलं, लाजतेय. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातून तांब्या घेतला तेव्हा निम्मं पाणी बाहेर सांडलं.

आणि मग बारसं झालं.

बारशाला मंडळातल्या बायका आल्या, पैठण्या नेसून, डबे घेऊन. वैदेहीने हौसेने पाळणा सजवला होता. नाव ठेवून झालं, पेढे झाले, आणि कुणीतरी भिंतीवरच्या फोटोबद्दल विचारलं. वैदेहीने कौतुकाने टीव्हीवर तो गाण्याचा प्रसंग लावला. संपल्यावर टाळ्या. मग सुरू झाला आपल्या लोकांचा आग्रह. ज्यांनी भोगलाय त्यांनाच तो माहीत.

"काय आवाज आहे हो. आजी, एक ओळ तरी म्हणा."

"अहो, त्या लाजतायत."

"लाजायचं काय त्यात? सगळे घरचेच."

"मी आधी म्हणते, मग त्या म्हणतील," म्हणून पाटीलबाईंनी एक अंगाई म्हणूनही टाकली.

"हं, आता आजी. आम्ही काही सोडणार नाही."

निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत, सगळं हसून, सगळं प्रेमानेच. कुणी खुर्चीशी बसली, कुणी गुडघ्यावर हात ठेवला. ब्रायनही म्हणाला, "म्हण ना, नॅन. वन टाइम ओन्ली लाह." नोराबाईंचा चेहरा फोटोतल्यासारखा झाला, हलेचना. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला, काठी घेतली आणि आपल्या खोलीत गेल्या. दार लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"रागावल्या की काय?"

"वय झालं, होतं असं," पाटीलबाई म्हणाल्या, आणि जरा वेळाने, "मावशी, मग तुम्ही तरी उखाणा घ्या." मी स्वयंपाकघरात पळाले. माझ्या स्वतःच्या लग्नात मी उखाणा घेतला नव्हता, सासूबाईंना तो राग मरेपर्यंत होता. त्या बंद दारामागे काय चाललं असेल ते मला कळत होतं; त्यामागचं कारण माहीत नव्हतं, पण ते दार मला ओळखीचं होतं.

पाहुणे गेले. ब्रायन दारावर टकटक करून आला, वैदेही करून आली. वैदेहीच्या डोळ्यांत पाणी. "मावशी, माझं चुकलं का?" मी वाटीत तेल कोमट केलं आणि दार थोडं ढकललं. ते लागलेलंच होतं फक्त, कडी नव्हती.

नोराबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मी काही विचारलं नाही. खाली बसले आणि त्यांचा हात हातात घेऊन तेल लावायला लागले. बाळंतिणीलाही मी असंच करते. बोलायचं असेल तर बोलते, नसेल तर नाही. त्यांच्या बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या, आडव्या, जुन्या. मी थांबले. तशाच रेघा माझ्या आईच्या बोटांवर होत्या. मी म्हटलं, "मासे?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हेरिंग."

आणि कुजबुजत सगळं सांगितलं. त्यांचं इंग्रजी मला ब्रायनच्या इंग्रजीपेक्षा सोपं जायचं, एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा. त्या एका बेटावरच्या. घरात इंग्रजी नव्हतंच, आयरिश भाषा. मुली हंगामात बंदरावर मासे चिरायला जायच्या, बोटांना चिंध्या बांधून, तरी सुरी लागायचीच. एकदा तिथे फिल्मवाले आले, समुद्राचा प्रसंग घ्यायला. गर्दीत उभं राहायला मुली हव्या होत्या. साहेबांनी कॅमेऱ्यातून बघितलं आणि विचारलं, ती शालवाली कोण?

लंडनला नेलं. दात बघितले, चाल बघितली. हात बघून म्हणाले, हातमोजे. आणि तोंड उघडल्यावर एकमेकांकडे बघितलं. एक मास्तरीण ठेवली, ती दातांत बुचाचं लाकूड धरायला लावून वाचून घ्यायची. महिनोन्‌महिने. आवाज काही बदलला नाही. त्या म्हणाल्या, "त्यात बेट होतं, ते निघेना." मेंढपाळाच्या मुलीचं काम मात्र त्यांनी जीव ओतून केलं. सगळी वाक्यं, गाणंही, कॅमेऱ्यासमोर स्वतः म्हटलं. फिल्म पूर्ण झाल्यावर त्यांना बोलावलं, अंधाऱ्या खोलीत बसवलं. पडद्यावर त्यांनी तोंड उघडलं आणि आत दुसरी बाई बोलली.

"चेहरा तेवढा माझा," त्या म्हणाल्या.

कंपनीची सक्त ताकीद होती, लोकांत बोलायचं नाही, फक्त हसायचं. पेपरवाले आले की एक माणूस शेजारी उभा राहून उत्तरं द्यायचा. लोक म्हणायला लागले, किती मानी मुलगी. आणि जो तो म्हणायचा, चेहऱ्यापेक्षाही आवाज सुंदर. अगदीच बोलावं लागलं तर त्या कुजबुजायच्या. कुजबुजण्याला गाव नसतं. अजून दोन-तीन फिल्म तशाच झाल्या. मग जहाजावरचा एक इंजिनियर भेटला, त्याला त्यांचा खरा आवाज आवडला, त्यांनी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर त्या सिंगापूरला आल्या. तो समुद्रावर असायचा, आणि बाकी सगळ्यांशी, मुलाशीसुद्धा, त्या सवयीने कुजबुजायच्या. तो वारला तेव्हा आवाज ऐकणारं कुणी उरलं नाही. मुलाने कुठूनशी ती टेप मिळवली, कौतुकाने आणली, ती लावून आपल्या पोराला झोपवलं. त्याला कसं सांगायचं?

"आता ही पोर," त्या म्हणाल्या. "मी मेल्यावर ती माझा आवाज म्हणून त्या बाईचा ऐकेल."

मी विचारलं, "ती बाई कोण होती?"

"डोरोथी. आडनाव मला कुणी सांगितलं नाही. एकदाच दिसली, जिन्यात बसून सफरचंद खात होती. सर्दी झालेली. म्हणाली, तुझ्या चेहऱ्यामुळे माझ्या बोलण्याला वजन आलं, बाई. तिचंही नाव कुठे आलं नाही. तिची स्तुती आयुष्यभर मी घेतली."

मी दुसरा हात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं बाळाला पायावर घेतलं. तेल झालं, अंघोळ झाली. नोराबाई बाथरूमच्या दाराशी स्टुलावर होत्या. मी त्यांच्या हाती तांब्या दिला आणि गप्प बसले. रोज मी मोठी हो, शहाणी हो म्हणायची, त्या दिवशी म्हटलं नाही. हातही थांबवले. बाळाने आधी इकडेतिकडे बघितलं, मग ओठ काढले, मग टाहो फोडला.

वैदेही आली. "मावशी, काय झालं? पाणी गार होतंय."

"होऊ दे," मी म्हटलं. एवढं ठाम मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

बाळ लाल झालं. नोराबाईंनी तांब्या उचलला. आणि मग त्यांनी पाणी सोडलं आणि त्या बोलल्या. मोठ्याने. आयरिशमध्ये, मला एक अक्षर कळलं नाही. जाड, खालचा आवाज, वाळूवरून होडी ओढावी तसा खरखरत येणारा, आणि त्याच्या तळाशी ऊब. गाणं नव्हतं ते, पण बोलणंही नव्हतं. आमच्या बायका जात्यावर ज्या लयीत बोलायच्या तसं काहीतरी. बाळ हुंदका अर्धा टाकून थांबलं. मान आवाजाकडे वळवायला बघत होतं.

पॅसेजमध्ये ब्रायन उभा होता, गळ्यात ऑफिसचं कार्ड, एक बूट घातलेला. "कोण बोललं ते?"

"मी," नोराबाई म्हणाल्या, त्याच आवाजात. "फिल्ममध्ये बोलते ती मी नाही, ब्रायन. ती कधीच मी नव्हते."

त्याने विचारलं, "डॅडला माहीत होतं?"

"नाही."

"मग मी लहानपणी कुणाचा आवाज ऐकत झोपलो?"

"एका भल्या बाईचा."

तो दुसरा बूट घालून निघून गेला. वैदेही माझ्याकडे बघत होती. मी बाळाला पंच्यात गुंडाळलं, कारण मला तेवढंच येतं.

नंतरचे काही दिवस घरात सगळे जपून चालत होते. ब्रायन आजीशी बोलायचा, जेवलीस का, औषध घेतलंस का, पण नजर द्यायचा नाही. वैदेही म्हणाली, रात्री फोनमध्ये तो प्रसंग काढून बसतो, आवाज बंद करून नुसता बघतो. नोराबाई मला म्हणाल्या, "मी त्याचं बाळपण मोडलं." मी म्हटलं, "बाळपण एवढं लेचंपेचं नसतं. मी पुष्कळ बघितलीत." हे मी खरंच म्हटलं, आणि मग दिवसभर मनात धाकधूक की उगाच बोलले.

पुढचं मला वैदेहीने सांगितलं. एका संध्याकाळी बाळ काही केल्या झोपेना. ब्रायनने सवयीने फोन काढला, पाळण्याशी नेला, मग परत खिशात ठेवला. मुलीला उचलून आजीच्या मांडीवर दिलं. "नॅन, तेच गाणं. तू कसं म्हटलं होतंस तसं." नोराबाई म्हणाल्या, "बेसूर होईल." तो म्हणाला, "तिला काय कळतंय." बेसूरच झालं, वैदेही म्हणाली, मध्ये दम लागला, एक कडवं विसरल्या. पोर झोपली आणि ब्रायन तिथेच जमिनीवर बसून राहिला, आजीच्या गुडघ्याला डोकं टेकून, केवढा मोठा बाप्या.

मग हॉलचं काय, हा प्रश्न उरला. त्या संस्थेच्या माणसाला ब्रायनने खरं ते सांगितलं. तो उलट खूश झाला, म्हणाला, हेच स्टेजवर सांगू द्या. नोराबाई नाही म्हणाल्या. येईन, पण स्टेजवर येणार नाही, मागे बसेन. त्यांनी ती फिल्म त्या अंधाऱ्या खोलीनंतर पूर्ण कधी बघितली नव्हती. आणि एकच अट, डोरोथीचं नाव घ्यायचं. तो म्हणाला, आडनावाशिवाय कसं? त्या म्हणाल्या, "जेवढं आहे तेवढं घ्या."

माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू माझ्याशेजारी बसायचं."

मी घाबरले. असल्या हॉलमध्ये मी कधी गेले नव्हते. रोहन म्हणाला, "आई, गो लाह, फक्त बसायचं तर आहे." नेसायची साडी दोनदा बदलली. हॉलमध्ये बहुतेक गोरे लोक, थोडे चिनी, आणि आपल्या मंडळातल्या बायकांची एक अख्खी रांग. पाटीलबाईंनी लांबून हात केला आणि लगेच ओशाळून खाली घेतला. ब्रायन आणि वैदेही बाळाला घेऊन दाराजवळ बसले. आम्ही दोघी अगदी मागे, कोपऱ्यात. तो माणूस स्टेजवर आला, फिल्म कशी सापडली वगैरे बोलला, आणि शेवटी म्हणाला, या फिल्ममध्ये आपण जो आवाज ऐकणार आहोत तो डोरोथी नावाच्या कलावतीचा आहे, तिचं पूर्ण नाव आम्ही शोधतो आहोत. नोराबाईंनी मान हलवली, जशी आपण पाहुण्याला बसा म्हणताना हलवतो.

दिवे गेले. पडद्यावर समुद्र आला, मग ती मुलगी आली, भिंतीएवढी मोठी. हातमोजे घातलेली मेंढपाळाची मुलगी. मला हसू आलं. तिने तोंड उघडलं आणि तो काचेचा आवाज हॉलभर झाला. मी नोराबाईंकडे बघितलं नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता, नुसता.

थोड्या वेळाने मला शेजारी काहीतरी ऐकू आलं. आधी श्वास वाटला. मग कुजबुज. मग तो जाडा, खरखरीत आवाज, अगदी हळू पण पूर्ण. त्या बोलत होत्या. पडद्यावरच्या मुलीची वाक्यं, तिचे ओठ हलतील तशी, कधी अर्धा श्वास आधी. एवढ्या वर्षांनंतर एकही विसरल्या नव्हत्या. बापाशी भांडतानाची, बाजारातली, एका पोराला नाही म्हणतानाची. मी डोळे पडद्यावर ठेवले आणि कान त्यांच्या तोंडाशी. हळूहळू समोरचा गोड आवाज मला ऐकू येईनासा झाला. त्या मुलीच्या तोंडातून हाच आवाज येतोय असं वाटायला लागलं, आणि ती मुलगी एकदम खरी झाली. आमच्या बंदरावरची, ओल्या शालीची. गाणं आलं तेव्हा त्यांचा दम पुरला नाही, पण त्या थांबल्या नाहीत; जिथे श्वास घेतला तिथे पडद्यावरच्या मुलीचीही छाती हलली.

पुढच्या रांगेतल्या एका बाईने वळून बघितलं. मी त्या बाईंकडे रोखून पाहिलं. मी. त्या परत समोर बघायला लागल्या.

फिल्म संपली, दिवे लागले, लोक टाळ्या वाजवत उभे राहून मागे बघायला लागले. ब्रायन बाळाला घेऊन गर्दीतून आमच्याकडे यायला निघाला होता. नोराबाईंनी काठी हाताशी ओढली.

"बाजाराच्या प्रसंगात मी फार घाई केली," त्या म्हणाल्या.

पुढच्या बाई पुन्हा वळल्या. नोराबाईंनी आवाज खाली आणला नाही.

"आणि गाण्यात दुसरं कडवं कच्चं. पण बापाशी भांडते ते बरं जमलंय, नाही?"

"छान जमलंय," मी म्हटलं. मीही मोठ्यानेच म्हटलं.